श्याम मोठा होतो तेव्हा

मराठी मूल अडखळत का होईना वाचू लागले की मुंजीत, वाढदिवसाला, नाही तर शाळेच्या बक्षीससमारंभात एक पुस्तक त्याच्या हाती हमखास पडते. ते कोणते हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ नव्वद वर्षांची झाली. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी तो विषय पुन्हा पडद्यावर आणला. इतके दीर्घ आयुष्य लाभलेल्या पुस्तकाविषयी टीकाकारांनी मात्र फारसे मन लावून लिहिलेले नाही. एक वर्ग त्याच्यापुढे हात जोडतो, दुसरा वर्ग ‘रडके पुस्तक’ म्हणून नाक मुरडतो. आणि हात जोडणारे व नाक मुरडणारे या दोघांनीही ते शाळा सुटल्यावर पुन्हा उघडलेले नसते.

मी आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. माझी विद्वत्ता मॅट्रिकपर्यंतची. त्यामुळे टीकाशास्त्राच्या मोठ्या गोष्टी माझ्याकडून कोणी अपेक्षू नयेत. परंतु एकच पुस्तक पाचवीतल्या मुलाच्या हातात आणि नववीतल्या मुलाच्या हातात काय होते, हे मी जितके जवळून पाहिले आहे तितके विद्यापीठातल्या विद्वानांनी पाहिले नसेल. पाचवीत ज्या पोराने हे पुस्तक वाचून डोळे पुसले, तोच पोरगा नववीत श्यामची नक्कल करून मागचा बाक हसवतो. नक्कल उत्तम असते, हेही सांगायला हवे. मग पालकसभेत आया येतात. (वडील क्वचितच येतात. संस्कार हे आईचे खाते आहे असे आपण या पुस्तकाच्या नावावरूनच ठरवून टाकलेले दिसते.) त्या सांगतात, मुलगा देवापुढे उभा राहत नाही, उलट उत्तरे देतो, मोबाइलमधून डोके वर काढत नाही, बाई, काहीतरी संस्काराचे वाचायला सांगा. माझ्यापुढे प्रश्न उभा राहतो तो इथे. मुलाच्या हाती देण्याजोगे वाङ्मय मराठीत पुष्कळ आहे, तरुणाच्या हातीही आहे. पण मधल्या वयाच्या, ओठांवर मिसरूड फुटू लागलेल्या श्यामला देण्यासारखे आपल्यापाशी काय आहे? आणि जे आहे ते आपण त्याला देतो का?

आधी मूळ पुस्तकाकडेच जाऊ. बेचाळीस रात्रींची ही कथा. त्यातली लोकांच्या तोंडी असलेली प्रकरणे ठरलेली आहेत. न्हाऊन आलेल्या श्यामचे तळवे मळू नयेत म्हणून आईने पदर पसरल्याचा प्रसंग तर सुविचाराच्या फळ्यावर लिहून लिहून गुळगुळीत झाला आहे. पण पहिल्याच रात्रीची गोष्ट किती जणांना आठवते? वटसावित्रीचे व्रत आहे, आई आजारी आहे, तिला वडाच्या प्रदक्षिणा घालता येत नाहीत. तेव्हा ती श्यामला सांगते की माझ्याऐवजी तू घाल. बायकांच्या घोळक्यात एक मुलगा वडाभोवती फिरणार! श्यामला लाज वाटते, लोक हसतील या भयाने तो कां कूं करतो, आणि आई त्याची समजूत घालते ती अशी की लाज वाईट कामाची धरावी, देवाच्या कामाची कशाला.

हे प्रकरण मी नववीच्या वर्गात वाचते तेव्हा कोणी हसत नाही. लोक हसतील हे भय त्या वर्गातल्या प्रत्येकाच्या गळ्याशी असते. चौदा-पंधराव्या वर्षीचे अर्धे नीतिशास्त्र या एका भयात सामावलेले आहे. मित्र सिगारेट पुढे करतात तेव्हा, वर्गातल्या एखाद्या मुलीची टवाळी चालते तेव्हा, ‘नको’ म्हणायला मुलगा कचरतो तो सिगारेट गोड लागते म्हणून कचरत नाही. गुरुजींनी आपल्या पुस्तकाचे दार या लाजेपाशी उघडले, ही त्यांची जाण थोर होती. आज त्यात एक उलटापालट झाली आहे एवढेच. श्यामला देवाच्या कामाची लाज वाटत होती. आजच्या पोराला तशी मुळीच वाटत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत तो भिंती हादरवणाऱ्या कर्ण्यांपुढे रात्रभर नाचतो, कपाळाला गंध लावून छायाचित्र काढतो आणि चारचौघांना पाठवतो. त्याला लाज वाटते ती एकट्याने, कोणी पाहत नसताना देवापुढे हात जोडण्याची. आणि त्याहून अधिक, सगळे हात जोडत असताना ‘मला अजून कळलेले नाही’ असे म्हणण्याची. तेव्हा मुलांची श्रद्धा उडाली हा पालकसभेतला आक्रोश मला पटत नाही. श्रद्धा घोळक्याच्या हवाली झाली आहे, आणि घोळक्यात शिरायला मुलांना कोणी शिकवले हे मी पालकांना विचारत नाही, कारण त्यांतले निम्मे मंडळाचे पदाधिकारी असतात.

या पुस्तकातला कच्चा भाग कोणता, हेही भक्तिभाव बाजूला ठेवून सांगितले पाहिजे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगतो, अशी या कथेची बैठक आहे. आईचा प्रसंग जोवर चालू असतो तोवर भाषा साधी, घरगुती, कोकणातल्या ओटीवरची असते. प्रसंग संपला की मोठा झालेला श्याम त्यावर बोलू लागतो आणि भावनांचा पूर येतो. माझे पोरगे नक्कल करते ती या पुराची. आईची नक्कल करताना मी अद्याप कोणालाही पाहिलेले नाही. विहिरीत उडी मारायला भिणाऱ्या श्यामला ती शिंपटीने बडवून पोहायला पाठवते आणि मग तो पोहून आला की त्याच्यापुढे दही ठेवते. भाजीत मीठ घालायला ती विसरते तेव्हा नवरा एक अक्षर न बोलता ती अळणी भाजी खातो, मुलेही खातात; तिला ते कळते ती स्वतः जेवायला बसल्यावर. पुस्तके हवीत म्हणून घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे श्याम चोरतो, तेव्हा मोठे होण्यासाठीच चोरी केली हा त्याचा युक्तिवाद तिच्यापाशी चालत नाही. आई बोलतच नाही असे नव्हे, बोलते. पण तिच्या बोलण्याच्या आधी काहीतरी घडून गेलेले असते आणि त्याची किंमत तिने स्वतः मोजलेली असते. आपल्या शाळांच्या परिपाठात दहा मूल्ये आहेत: वक्तशीरपणा आहे, नीटनेटकेपणा आहे, संवेदनशीलता, सौजन्यशीलता आहे. ती पाठ होतात. परंतु अळणी भाजी मुकाट्याने खाणाऱ्या बापाला त्यांतले नेमके कोणते मूल्य लावावे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. ‘देवाला सारी प्रिय’ हे त्याचे नाव. एका महार म्हातारीची मोळी खाली पडली आहे. ती उचलून डोक्यावर द्यायला कोणी धजत नाही, कारण तिला शिवायचे कसे? श्याम आईला येऊन सांगतो. आई म्हणते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन स्नान कर.

या शेवटच्या शब्दांवर आजचा चलाख वाचक बोट ठेवतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ठेवले होते. ‘बाई, आंघोळ कशाला? म्हणजे विटाळ मानलाच ना!’ असे ती सरळ म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो राग होता तो पुस्तकातून आलेला नव्हता. अशा वेळी शिक्षकाला दोन सोप्या वाटा असतात. एक, आंघोळीचे वाक्य गाळून टाकावे आणि आईला थोर समाजसुधारक करून मोकळे व्हावे. दुसरी, आईला सनातनी ठरवून पुस्तकच मिटावे. दोन्ही वाटा आळशीपणाच्या आहेत. ती बाई तिच्या काळाच्या कुंपणात उभी होती. पण कुंपणाला जिथे हात पोहोचला तिथे तिने ते वाकवले आणि मुलाला पलीकडे पाठवले. तो मुलगा परत येऊन न्हाला. पुढे त्याने काय केले? १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले आणि मंदिर उघडले गेले. आईने सांगितलेली मोळी त्याने उचलली. आईने सांगितलेली आंघोळ टाकून दिली. त्यासाठी त्याला आईचा देव सोडावा लागला नाही. त्याच देवाच्या दारात तो आईच्या एका आज्ञेचा दुसऱ्या आज्ञेने पराभव करीत बसला.

मुलाने आपण दिलेले जसेच्या तसे सांभाळावे अशी पालकांची इच्छा असते. ठेवीच्या पावतीसारखे. ज्या मुलाने आईचे सर्वांत जास्त मानले त्यानेच तिच्या अंगणाची वेस ओलांडली, ही गोष्ट बक्षीससमारंभात कोणी सांगत नाही.

आणि मधले काय? मोळी उचलणारे पोर आणि उपोषणाला बसलेला पुरुष यांच्यामध्ये एक लांब पल्ला आहे. गुरुजींनी तोही लिहिला. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’, ‘श्यामचा जीवनविकास’ ही त्यांची पुस्तके याच पल्ल्यावरची आहेत. घर सोडून परगावी शिकायला गेलेल्या मुलाची भूक, स्वतःच्या हाताने भाजलेल्या भाकऱ्या, मित्रप्रेमाची वेडी ओढ, अपमान, एकटेपणा: पंधराव्या-सोळाव्या वर्षी जे जे छातीत दाटते ते तिथे आहे. वाङ्मय म्हणून ती पुस्तके ‘श्यामची आई’च्या तोडीची नाहीत, पसरट आहेत, आणि भावनेचा पूर तिथेही येतोच. तरीही एका पुस्तकाची आवृत्तीवर आवृत्ती निघावी आणि त्याच्याच पुढच्या भागांची नावेही पालकांना ठाऊक नसावीत, हे मला वाङ्मयीन निवडीचे लक्षण वाटत नाही. श्याम लहान आणि आईच्या पदराशी असावा, हे आपल्याला सोयीचे आहे. मोठा होणारा श्याम कोणालाच नको आहे.

मोठ्या श्यामविषयी बोलायचे तर आणखी एक प्रश्न येतो, आणि तो दर एक-दोन वर्षांनी वर्गातून कोणीतरी विचारतेच. ‘बाई, साने गुरुजींनी आत्महत्या केली, हे खरे का?’ पाठ्यपुस्तकातल्या परिचयात ते नसले तरी मुलांच्या खिशातल्या यंत्रात असते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांनी आपले जीवन संपवले, ही गोष्ट खरी आहे. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ मध्ये त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले होते. स्वराज्य आल्यावर जे पाहायला मिळाले त्याने ते खचत गेले होते. पुष्कळ शिक्षक हा प्रश्न ‘पुढे चला’ म्हणून टाळतात. मला टाळणे धोक्याचे वाटते. ज्याने उभ्या महाराष्ट्राला संस्कार दिले असे आपण सांगतो त्याच्याविषयी आपण एक गोष्ट लपवतो, हे मुलाच्या ध्यानात आले की आपण सांगितलेले बाकीचेही तो संशयाने पाहू लागतो. मी मुलांना सांगते की हा माणूस फार थकला होता. त्या थकव्यात जवळच्या माणसांना हाक मारायला हवी होती, ती त्यांनी मारली नाही असे मला वाटते. तुमच्यावर तशी वेळ आली तर तुम्ही मारा, मला मारा, रात्री-अपरात्री मारा. एवढे बोलून मी धडा पुढे नेते. त्या दिवशी मागचा बाक नक्कल करीत नाही.

गुरुजींच्या पलीकडे काय आहे? आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ साली आली आणि १९९० मध्ये तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ती शाळांच्या ग्रंथालयात असते. जाड असल्यामुळे तळच्या फळीवर असते. कागलच्या मळ्यात राबणाऱ्या या पोराचा बाप त्याला शाळेतून काढून मोटेला आणि पाण्याला जुंपतो. मग आई आणि मुलगा काय करतात? बापाच्या चोरून गावच्या दत्ताजीराव देसायांकडे जातात, आपले गाऱ्हाणे मांडतात, आणि आम्ही येऊन गेलो हे त्याला कळू देऊ नका अशी त्यांना गळ घालतात. देसाई बापाला बोलावून फैलावर घेतात. पोराची शाळा सुरू होते ती कबुल्या घेऊन: पहाटे उठून पिकाला पाणी पाजायचे, तिथूनच दप्तर घेऊन शाळा गाठायची, शाळा सुटली की गुरे राखायची.

पाहा, इथे शिक्षणाचे दार उघडते ते एका लबाडीच्या किल्लीने. परिपाठात ही गोष्ट कुठे बसवायची? श्यामच्या आईने पुस्तकांसाठी केलेली चोरी माफ केली नाही. यादवांची आई शाळेसाठी नवऱ्याशी खोटे बोलते. या दोन आया एकमेकींशेजारी बसवून वर्गात वाद लावून दिला तर नीतीचा तास खऱ्या अर्थाने सुरू होईल असे मला वाटते, आणि मी तो लावून दिलेला आहे. मुले दोन तट करतात आणि तास संपल्याची घंटा झाली तरी थांबत नाहीत. एका मुलाने काढलेला भेद मला अजून पुरता खोडता आलेला नाही. तो म्हणाला, श्यामने ज्याचे पैसे घेतले त्याने श्यामचे काही घेतलेले नव्हते. इथे बापाने मुलाचे घेतलेले होते, ते मुलाने परत घेतले.

‘झोंबी’त मला आणखी एक जागा अतिशय प्रिय आहे, अर्थात धंद्यामुळे. मराठीचे सौंदलगेकर मास्तर कविता शिकवताना रंगून जातात, चालीवर म्हणतात. आणि आपल्या दारातल्या मालतीच्या वेलीवर त्यांनी स्वतः कविता केलेली असते. पोराने ती वेलही पाहिलेली असते आणि कविताही ऐकलेली असते. कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस, हे त्याला तेव्हा उमगते, आणि मळ्यात पाणी पाजता पाजता तो कविता म्हणू लागतो, मग करू लागतो. पहाटेचे एकटेपण आधी त्याला खायला उठत असे, तेच आता हवेसे होते. श्रद्धा म्हणतात ती याहून फार वेगळी असेल असे मला वाटत नाही. मास्तरांनी त्याला ‘कविता वाचावी’ असा उपदेश केलेला नव्हता.

मात्र मास्तरांची दुसरी जातही आहे, आणि ती वाचताना माझ्यासारखीला मान खाली घालावी लागते. ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे आत्मकथन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या टोपल्या-सुपल्यांसारख्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणून घर चालवीत असे. श्यामचे पालगड ज्या रत्नागिरी जिल्ह्यात त्याच जिल्ह्यातले हे घर. म्हणजे मोळीवाली म्हातारी ज्या बाजूला उभी होती त्या बाजूने लिहिलेले हे कोकण आहे. वडील शिक्षक, मुलांनी शिकावे हा त्यांचा ध्यास. ते लवकर गेले आणि तो ध्यास आईने आपल्या टोपल्यांबरोबर विणत ठेवला. शाळेत या मुलीला शेण काढायला लावले जाते, मारही बसतो. त्यावर ही विधवा आई वाटेने जाणाऱ्या मास्तरांना अडवून जाब विचारते. इथे पदर पसरणे नाही, डोळ्यांत पाणी आणून समजावणे नाही. माझ्या वर्गातल्या त्या रागावलेल्या मुलीला मी हे पुस्तक दिले. आठवड्याने तिने ते परत केले तेव्हा म्हणाली, ‘ही आई चालेल.’ टीकाकार म्हणून याहून नेमका अभिप्राय मला देता येणार नाही.

‘आयदान’मध्ये श्रद्धेचा प्रश्न अगदी वेगळ्या रूपाने उभा राहतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर हजारो घरांतले देव्हारे रिकामे झाले. लेखिकेच्या शाळकरी वयातला हा काळ. वडीलधाऱ्यांनी जुने देव सोडले ते मुले बिघडावीत म्हणून नव्हे, ताठ उभी राहावीत म्हणून. देव सोडणे हाच जिथे संस्कार होता अशा घरातली मुले आज माझ्या वर्गात बसतात, आणि त्यांच्या शेजारी वारी न चुकवणाऱ्या घरातली बसतात, आणि रोजे धरणारीही बसतात. ‘मुलांवर श्रद्धेचे संस्कार व्हावेत’ असे व्याख्यान देणारे पाहुणे आमच्या शाळेत येतात तेव्हा ते कोणत्या बाकाकडे पाहून बोलतात हे मी न्याहाळत असते.

प्रकाश नारायण संतांच्या लंपनविषयी थोडक्यातच लिहिते, कारण त्याच्यावर प्रेम करणारे वाचक पुष्कळ आहेत आणि त्यांना माझी गरज नाही. ‘वनवास’पासून (१९९४) ‘झुंबर’पर्यंत (२००४) चार पुस्तकांत हा मुलगा वाढतो. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी. कानडी वळणाच्या त्या मराठीत मुलाच्या मनाची जी हालचाल संतांनी टिपली तिला मराठीत जोड नाही. परंतु माझी मुले लंपनपाशी फार रेंगाळत नाहीत. लंपन वाचून हळवे होतात ते आम्ही, बालपण मागे टाकलेले लोक. ज्याचे बालपण अजून पायात घोटाळते आहे त्याला त्याची हुरहूर कशी लागावी?

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) मात्र हातोहात जाते. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, निवेदन करणारा मुकुंद जोशी, बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत जमणारी टोळी आणि शिरोडकर. कादंबरी लिहिणारी म्हणून सांगते, त्या वयाचा आवाज असा आरपार पकडणे फार कठीण काम आहे. मुलगी नुसती समोरून गेली तर आकाश कसे बदलते, आणि तेच मित्राने बाजारात आणले तर कसे नासते, हे बोकिलांनी एकही शहाणपणाचे वाक्य न घालता दाखवले. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत हे पुस्तक मुलांना ‘योग्य नाही’ म्हणून कपाटात बंद ठेवलेले आहे. त्या कपाटाच्या किल्लीसाठी मुलांनी जितके श्रम केले तितके गणितासाठी केले नसतील. माझी तक्रार वेगळी आहे. ‘शाळा’तली मोठी माणसे बहुतेक हास्यास्पद तरी आहेत किंवा लांब तरी. ते खरेही असेल. पण मुलगा पडतो तेव्हा त्याला धरणारा हात पुस्तकात असावा, म्हणजे उपदेशाचा नव्हे, नुसता खांद्यावरचा, ही भूक वाचणाऱ्या मुलांना असते. आणि दुसरे असे की शिरोडकरला काय वाटले ते आपल्याला जोश्याच्या नजरेतूनच कळते. ती गाव सोडून जाते. आपण जोश्याबरोबर मागे राहतो. वर्गातल्या मुली पुस्तक परत करताना हे बोलून दाखवतात. ‘तिचे पुढे काय झाले?’ असे विचारतात.

मोठ्या माणसाने या वयाशी बोलावे कसे, याचा एक नमुना पुन्हा गुरुजींपाशीच सापडतो, हे थोडे विस्मयाचे आहे. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी पुतणी सुधा हिला पत्रे लिहिली. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती प्रसिद्ध आहेत. ‘श्यामची आई’तला पूर इथे ओसरलेला आहे. फुले, पाखरे, पाऊस, देशातल्या घडामोडी, थोरांच्या गोष्टी, स्वतःची उदासी, सगळे ते तिला सांगतात. तिने कसे वागावे हे फार थोडे सांगतात. आपल्याला काय दिसले आणि कशाने गहिवरून आले ते सांगतात. आपल्यावर भरवसा ठेवून कोणी मोठे माणूस आपले मन उघडे करते आहे, असा अनुभव किती मुलांच्या वाट्याला येतो? घरी त्यांना सूचना मिळतात, शाळेत त्यांना गुण मिळतात.

राहता राहिली ती शिरोडकरची बाजू. वयात येणाऱ्या मराठी मुलीने स्वतःच्या तोंडाने, रडगाणे न गाता आणि कोणाला धडा न देता सांगितलेली, वडाच्या प्रदक्षिणेपासून वर्गातल्या चिठ्ठीपर्यंत सगळे येणारी कादंबरी मी दहा-बारा वर्षे शोधते आहे. ‘आयदान’मध्ये तिचा एक तुकडा आहे, पण ते आत्मकथन आहे आणि पुढे ते मोठ्या आयुष्याकडे वळते. मी स्वतः दोनदा लिहायला बसले. दोन्ही वेळा चाळिसाव्या पानावर त्या मुलीच्या तोंडून शिक्षिका बोलू लागली, म्हणून कागद बांधून ठेवले. कोणी लिहिली असेल तर तिचे नाव या मासिकाच्या पत्त्यावर मला अवश्य कळवावे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाचे यंदाचे पैसे अजून पुरते खर्च झालेले नाहीत, आणि मार्चपूर्वी ते संपवले नाहीत तर परत जातात.